सटीची रात्र

वकिली करणारास एक गोष्ट फार लवकर कळून येते. कायदा ज्या आचारास बंदी करतो तो आचार त्या काळी घरोघर चालू होता, असे खुशाल धरून चालावे. जे कोणी करीत नाही ते बंद करण्याची तसदी कोणतीही राजसत्ता घेत नाही. म्हणून जुन्या समाजाचे अंतरंग पाहावयाचे असेल तेव्हा आम्ही पुराणांइतकेच मनाईहुकूमही उघडून पाहतो. पुराणकार काय व्हावे ते सांगतो. मनाईहुकूम काढणारा अधिकारी मात्र, त्याची इच्छा असो वा नसो, काय होत होते त्याची साक्ष देऊन जातो.

अशी एक साक्ष १४ एप्रिल १७३६ या दिवशी गोव्यात लिहिली गेली. त्या दिवशी तेथील इन्क्विझिशनने एक विस्तृत फर्मान काढले. ते मुख्यतः बाटलेल्या लोकांसाठी, म्हणजे सासष्टी, बारदेश आणि तिसवाडी येथील त्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी होते, ज्यांच्या पूर्वजांनी दीडदोनशे वर्षांपूर्वी धर्म बदलला होता, परंतु ज्यांच्या चुली, उंबरे आणि माजघरे मात्र पूर्वीचीच राहिली होती. अनंत काकबा प्रियोळकर यांनी १९६१ साली मुंबई विद्यापीठातर्फे प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात हे फर्मान वाचकांसमोर ठेवले आहे. त्यात काय नाही? भात शिजविताना मीठ आधी घालावे, हिंदूंप्रमाणे मागाहून घेऊ नये. एकादशीचा उपवास करू नये. अंगणातली तुळस उपटून टाकावी. पुरुषांनी धोतर आणि बायकांनी चोळी वापरू नये. लग्नात ओव्या म्हणू नयेत. आणि या यादीतच एक कलम जन्माविषयी आहे : मूल जन्मल्यावर सहाव्या रात्री जागरण करू नये.

सहावी रात्र, म्हणजे आपली सटी. देशावर हिला कोणी पाचवी म्हणतात, कोणी सटवाईची पूजा म्हणतात. गुजरातेत आणि उत्तरेत ही छठी होय. इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर येथे जी मराठी घरे दोनशे वर्षे नांदत आहेत त्यांनी आपली सटवाई बरोबर नेली आणि तेथील छठीशी तिचे सहज जमले. पाटावर तांदळाची रास, तीवर सुपारी किंवा नारळ, जवळ कोयती किंवा विळा, रात्रभर तेवणारी समई आणि एक कोरा कागद व लेखणी. घरातील बायका बाळंतिणीच्या दारात बसून रात्र काढतात. त्या रात्री सटवाई येते, बाळाच्या कपाळी त्याचे भाग्य लिहिते आणि जाते. पुढे जन्मभर ते पुसता येत नाही. एवढीच ती समजूत आणि एवढाच तो विधी. राजसत्तेने भ्यावे असे त्यात काय होते, असा प्रश्न वाचकांस पडेल. आम्हांसही तो बरेच दिवस पडला होता.

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी रात्र सहावीच का, हे पाहिले पाहिजे. येथे धर्मशास्त्रापेक्षा वैद्यकाचे ग्रंथ अधिक बोलके आहेत. चरकसंहितेच्या शारीरस्थानात सूतिकागाराचे वर्णन आहे. घर कसे असावे, दाराशी अग्नी कसा ठेवावा, मोहरी कोठे विखरावी, नाळ बेंबीपासून आठ अंगुळे सोडून बांधावी आणि सोन्याच्या, रुप्याच्या किंवा पोलादाच्या धारदार शस्त्राने कापावी, हे सर्व तेथे तपशिलाने आहे. त्यानंतर चरक सांगतो की जाणत्या स्त्रियांनी व जिवलगांनी दहा किंवा बारा दिवस बाळंतिणीजवळ जागत राहावे. गाणी व्हावीत, वाद्ये वाजावीत, खाणेपिणे चालावे. दहाबारा रात्री! पुढे काही शतकांनी वाग्भटाच्या अष्टांगहृदयात, उत्तरस्थानाच्या अगदी आरंभी, सहाव्या रात्री विशेष करून आप्तांनी आनंदाने जागावे असे येते. म्हणजे मुळात सारा दशाह जागण्याचा होता आणि त्यातून एक रात्र निवडली गेली, असे आम्हांस दिसते. शेतातली आणि घरातली कामे टाकून दहा रात्री जागणे सामान्य कुटुंबास परवडणारे नव्हते. तेव्हा जी रात्र सर्वांत अवघड ती तरी चुकू द्यावयाची नाही, असा व्यवहार ठरला असावा.

षष्ठी ही देवता त्याहूनही पुष्कळ जुनी. यौधेयांच्या नाण्यांवर सहा मुखांची एक देवी आहे. मथुरेस कुषाणकालीन शिल्पांत षष्ठी आहे. बाणाने कादंबरीत राणी विलासवतीच्या बाळंतिणीच्या खोलीचे वर्णन करताना तेथे षष्ठीची आकृती मांडलेली दाखविली आहे. देवीभागवतात प्रियव्रत राजाचे मृत जन्मलेले मूल ती जिवंत करते. काश्यपसंहितेत, जी बालरोगांवरची आपली एकमेव प्राचीन संहिता आणि जिचे हस्तलिखित नेपाळात मिळून १९३८ साली छापले गेले, त्या ग्रंथात तर रेवती आणि जातहारिणी यांचा एक अखंड कल्पच आहे. जन्मलेले हिरावून नेते ती जातहारिणी. हे नाव ज्याने प्रथम उच्चारले त्याने किती पाळणे रिकामे झालेले पाहिले असतील, याचा हिशेब कोणत्या ग्रंथात मिळावयाचा?

धर्मशास्त्राने मात्र या रात्रीपुरते आपले नियम सैल केले. जननाशौच दहा दिवसांचे. त्यात दान देणे नाही, घेणे नाही. परंतु काशीनाथशास्त्री उपाध्यांनी पंढरपुरास १७९० साली पुरा केलेला धर्मसिंधू उघडावा. पहिला, सहावा आणि दहावा हे दिवस तेथे अपवाद आहेत. त्या दिवशी दानप्रतिग्रहास दोष नाही, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी जन्मदा, जीवंतिका व षष्ठी यांचे पूजन सांगितले आहे. शास्त्रकारांना हा अपवाद का करावा लागला हे उघड आहे. त्या रात्री शेजारीण, सुईण, मावशी, आत्या, सर्वांनी घरात यावे, खावे, बसावे आणि जागावे, हे सुतकाच्या नियमात बसत नव्हते. म्हणून नियमालाच थोडे सरकावे लागले. लोकाचारापुढे शास्त्राने घेतलेली ही माघार आम्हांस फार शहाणपणाची वाटते.

आता वैद्यकाची दुसरी बाजू. अर्भकाचा धनुर्वात हा जन्मानंतर तीन दिवसांपासून चौदा दिवसांपर्यंत दिसतो, आणि बहुधा पहिल्या आठवड्याच्या अखेरीस. मूल दोनतीन दिवस चांगले दूध पिते, मग ओढीनासे होते, जबडा बसतो, मुठी वळतात आणि अंग धनुष्यासारखे ताठते. या रोगाचे जंतू मातीत व शेणात असतात. नाळेच्या ओल्या जखमेतून ते आत शिरतात. बाळंतिणीचा सूतिकाज्वरही पहिल्या दहा दिवसांतलाच. म्हणजे सहाव्या रात्रीच्या आगेमागे या खोलीत दोन मृत्यू उभे असत, एक आईसाठी आणि एक बाळासाठी. युरोपातही याहून निराळे नव्हते. व्हिएन्नाच्या सरकारी इस्पितळात, जेथे शिकाऊ डॉक्टर बाळंतपणे करीत त्या विभागात, एप्रिल १८४७ मध्ये शेकडा अठरा बाळंतिणी ज्वराने गेल्या. सेमेलवाइसने डॉक्टरांस क्लोरीनच्या पाण्यात हात धुवावयास लावले आणि जुलैत हे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आले. शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणीकडे येणाऱ्या त्या विद्वानांच्या हातांपेक्षा शेजारच्या विभागातील सुइणींचे हात बरे ठरले होते, ही गोष्ट त्याच्या वरिष्ठांना पचली नाही.

हे वाचून कोणी असे म्हणू नये की आमच्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते. तसे म्हणणारांची सध्या चलती आहे आणि त्यांच्याशी वाद घालण्याचा आम्हांस कंटाळा आहे. पूर्वजांना धोका कोठे आहे ते ठाऊक होते. तो कशाने येतो हे ठाऊक नव्हते. चरकाने सोन्यारुप्याचे शस्त्र सांगितले होते, पण सुइणीच्या, गोमंतकात म्हणावयाचे तर वयजिणीच्या, हाती स्वयंपाकघरातला विळा होता आणि कापलेल्या नाळेवर लावावयास राख किंवा शेण. ज्या विळ्याने नाळ कापली तोच विळा मग सटवाईच्या पाटाजवळ रक्षणासाठी ठेवला जाई! अपराधी आणि पहारेकरी एकाच घरात, एकाच पाटाशी. याहून करुण योगायोग आमच्या वाचनात नाही.

हे सर्व आम्ही लिहितो याचे कारण घरचे आहे. आमच्या आजीचे पहिले मूल १९३९ साली आठव्या दिवशी गेले. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. घर फोंडे महालात, देवळापासून हाकेच्या अंतरावर. ही हकीकत आजीने आम्हांस कधी सांगितली नाही. आत्याने सांगितली, तीही आजी गेल्यानंतर. सटीच्या रात्री पहाटेच्या सुमारास समईतले तेल संपले. जागणाऱ्या बायकांचा डोळा लागला होता आणि आजी, जिला उठण्यास मनाई होती, ती अंधारात पडल्या पडल्या हाका मारीत राहिली. कोणीतरी उठून पुन्हा दिवा लावला. सातव्या दिवशी मूल दूध ओढीना. आठव्या दिवशी ते ताठ झाले.

आत्या म्हणाली, "आई मरेपर्यंत एकच म्हणत असे. दिवो गेलो, म्हज्या पोराचो दिवो गेलो. बाबांनी देवळात प्रसाद लावला, प्रसाद उजवा झाला, भटांनी सांगितले की तुझा दोष नाही. तिला कुठले पटायला!"

ज्या काळी आमच्या घरात हे घडत होते त्या काळी त्या रोगाचा जंतू ओळखून पन्नास वर्षे झाली होती. निकोलायरने तो १८८४ साली दाखविला आणि कितासातोने १८८९ साली वेगळा काढला. पणजीस वैद्यकशाळा १८४२ पासून होती. पण फोंड्याच्या त्या माजघरापर्यंत यांपैकी काही आले नाही. आले ते फक्त सहाव्या रात्रीचे जागरण, आणि ते अपुरे पडल्याचा दोष सतरा वर्षांच्या बाळंतिणीने आपल्या पदरी घेतला.

मग या जागरणास बंदी करणारे इन्क्विझिशनचे न्यायाधीश एका अर्थी बरोबर होते काय? त्यांना विळा दिसला नव्हता, शेण दिसले नव्हते. सटवाई दिसली होती. त्यांना वाटले की बाप्तिस्मा झालेल्या मुलाचे भाग्य कोणी दुसरी देवता लिहिते असे मानणे हा अपराध आहे. तर्क म्हणून तो चुकीचा नाही. त्यांच्या धर्माप्रमाणे ज्या कपाळावर बाप्तिस्म्याचे पाणी पडले ते कपाळ सटवाईस मोकळे असणे शक्य नव्हते. परंतु कायद्याने समजूत पुसण्यासाठी जागरण पुसले, आणि जागरण म्हणजे बाळंतिणीजवळ माणसे असणे. धोक्याच्या रात्री जी सोबत मिळत होती ती गुन्हा झाली. पुढे कोण जागले आणि कोण जागले नाही याची चौकशी होऊ शकत होती, शेजारी शेजाऱ्याविरुद्ध साक्ष देऊ शकत होता. १५६० साली आलेले हे न्यायपीठ १७७४ साली पोंबालने बंद केले, १७७८ साली ते पुन्हा उभे राहिले आणि १८१२ साली कायमचे गेले. फर्मान निघाल्यानंतर पाऊणशे वर्षे, मधला थोडा काळ सोडता, ते अमलात आणणारे हात शाबूत होते.

बाळंतिणीच्या खोलीत राजसत्तेने पाय ठेवण्याची ही पहिली वेळही नव्हती. २३ मार्च १५५९ रोजी लिस्बनहून एक आज्ञा निघाली. गोव्यातील हिंदूंची जी मुले आईबाप आणि आजीआजोबा यांवाचून पोरकी होतील ती अनाथांच्या न्यायाधीशाने ताब्यात घ्यावीत, सेंट पॉल कॉलेजात ठेवावीत व त्यांस बाप्तिस्मा द्यावा. आज्ञेत शब्द होते ते एवढेच. अंमल करताना मात्र बाप वारला की मूल पोरके, असा अर्थ लावला जाऊ लागला. आई जिवंत आहे, आजी जिवंत आहे, याकडे पाहण्याचे कारण उरले नाही. कलमाचा अर्थ अधिकाऱ्याच्या सोयीने कसा ताणला जातो हे आम्ही रोज पाहतो, पण याइतका महागात पडलेला अन्वयार्थ क्वचितच असेल. तान्हे घेऊन विधवा झालेल्या स्त्रीपुढे एकच वाट राही : रात्री होडी पकडणे आणि नदीपलीकडे, अंत्रूज महालात, जेथे पोर्तुगीजांचा अंमल नव्हता, तेथे जाणे. त्याच शतकाच्या उत्तरार्धात त्याच वाटेने देवही गेले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास. देवांच्या पालखीची कथा आपण उत्सवात भक्तीने ऐकतो, आणि ती ऐकावयासच हवी. पण त्याच होड्यांतून ओल्या बाळंतिणी गेल्या असतील, त्यांची पालखी कोणी काढीत नाही. अंत्रूज पोर्तुगीजांकडे आला तो १७६३ साली, दोनशे वर्षांनी. तोपर्यंत त्यांचे धोरण पुष्कळ निवळले होते आणि म्हणून आमच्या घराची सटी फर्मानाच्या कक्षेबाहेर राहिली.

एकोणिसाव्या शतकात राज्यकर्त्यांचे धोरण बदलले. आता रिवाज पुसावयाचे नव्हते, नोंदवावयाचे होते. पोर्तुगालचा १८६७ चा दिवाणी कायदा १ जुलै १८७० पासून गोव्यास लागू झाला, आणि १६ डिसेंबर १८८० रोजी हिंदूंच्या रिवाजांची स्वतंत्र संहिता निघाली. तिचे एक कलम आम्हांस विद्यार्थिदशेत पाठ करावे लागले होते, आणि तेव्हा त्यात आम्हांस काहीच खटकले नव्हते हे कबूल केले पाहिजे. हिंदू पुरुषास पहिली पत्नी असता दुसरे लग्न करता येईल ते केव्हा? पत्नी पंचवीस वर्षांची होईपर्यंत तिला अपत्यच झाले नसेल तर. किंवा ती तीस वर्षांची होईपर्यंत मुलगा झाला नसेल तर, आणि वय त्याहून कमी असल्यास शेवटच्या गरोदरपणानंतर दहा वर्षे लोटली असतील तर. पंचवीस, तीस, दहा! सटवाई निदान काय लिहिले ते दाखवीत नाही. येथे ते राजपत्रात छापून आले होते. १९३९ साली आमची आजी सतरा वर्षांची होती, मूल गेलेले होते, म्हणजे तिच्या हाती आठ वर्षे उरली होती की अपत्य होऊन वारले म्हणून हा नियम तिला लागू नव्हता, यावर एखादा कनिष्ठ वकील उत्तम युक्तिवाद करू शकेल. प्रत्यक्षात या कलमाचा आधार फार थोड्यांनी घेतला. पण कागदावर ते राहिले. १९६१ साली गोवा मुक्त झाला आणि १९६२ च्या प्रशासन कायद्याने जुने कायदे चालू ठेवले, तेव्हा तेही त्यांबरोबर चालू राहिले.

त्याच १९६१ सालची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. भारताच्या प्रसूतिलाभ कायद्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली ती १२ डिसेंबर १९६१ रोजी, म्हणजे गोवा मुक्त होण्याच्या बरोबर सात दिवस आधी. त्या कायद्याचे मूळ मुंबई इलाख्यात होते. १९२८ साली मुंबईच्या कायदेकौन्सिलात आलेल्या विधेयकास डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि १९२९ साली तो इलाख्यापुरता कायदा झाला. बाळंतिणीच्या विश्रांतीचा भार केवळ तिच्या घराने सोसावा हे बरोबर नाही, हे तत्त्व त्याने आपल्याकडे प्रथम मान्य केले. दशाहाचे सुतक हीदेखील एका परीने सक्तीची रजाच होती, पण ती अस्पर्शतेच्या किमतीवर मिळत होती.

सुतकाच्या खोलीत काय घडते हे त्या खोलीतून बाहेर पडून जगास सांगणारी पहिली मराठी स्त्री आनंदीबाई जोशी होय. ३१ मार्च १८६५ चा त्यांचा जन्म. नवव्या वर्षी लग्न. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. पुढे त्या अमेरिकेस गेल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी पेन्सिल्व्हेनियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयाची पदवी त्यांनी घेतली. प्रबंधास त्यांनी विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. परदेशी परीक्षकांसमोर सुश्रुतादिकांची मते मांडणाऱ्या त्या वीस वर्षांच्या मुलीने आपल्या दहा दिवसांच्या बाळाचा उल्लेख प्रबंधात करण्याचे कारण नव्हते. पण दुसरा एखादा विषय तिने का घेतला नाही, हे कोणाही आईस विचारावे. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पुरी होण्यापूर्वी, त्या गेल्या. त्यांच्या हातून एकही बाळंतपण या देशात होऊ शकले नाही.

आमच्या मुलीची सटी २०१० साली झाली. शस्त्रक्रियेने प्रसूती, पाचव्या दिवशी घरी, सहाव्या रात्री आत्याने माजघरात पाट मांडला. आम्ही थोडे कुरकुरलो. आमची पत्नी, जिला टाके ओढत होते आणि जिची कुरकुर अधिक न्याय्य ठरली असती, ती मात्र काही बोलली नाही. आत्याने विळा ठेवला नाही, कारण विचारता म्हणाली, "नको. बाकी सगळे ठेवू." मग कोरा कागद ठेवला आणि आमच्याकडे हात केला. "तुजें पेन हाड रे. कोर्टात लिहितोस ते." आम्ही म्हणालो, "आत्या, त्याने बहुतेक मुदतवाढीचे अर्जच लिहिले जातात." ती म्हणाली, "मग चांगलेच आहे. मुदत वाढवून मिळू दे."

त्या रात्री चार बायका जागल्या. मुलीस ताप नव्हता, ती दूध पीत होती, गरोदरपणात आईस धनुर्वाताची लस मिळाली होती. भिण्याजोगे काही नव्हते. तरी त्या चौघी आपापल्या बाळंतपणांविषयी बोलत राहिल्या आणि आम्ही बाहेर ओसरीवर ऐकत पडलो. एकीस तीन दिवस कळा येत होत्या. एकीस मूल झाल्यावर सहा महिने रडू आवरत नसे आणि ते कोणाला सांगावयाचे हे कळत नव्हते. एकीच्या सासूने मेथीची पेज आणि शेकशेगडी यांत काही उणे पडू दिले नाही, पण मुलगी झाली म्हणून दहा दिवस तिच्याकडे पाहिले नाही. दिवसा यांतले एक वाक्यही कोणी उच्चारले नसते. चरकाने गाणी आणि वाद्ये सांगितली आहेत. हे बोलणे त्याने सांगितले नाही, कदाचित त्यास ते ऐकावयास मिळाले नसेल. रात्री दोनच्या सुमारास समईत तेल घालण्यासाठी आत्या उठली. मग तीनला उठली, मग साडेतीनला. समई पुरती भरलेली होती.

२०१५ साली भारतातून माता व अर्भकांचा धनुर्वात निर्मूलन झाल्याचे प्रमाणित झाले. प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण, असा त्या शब्दाचा अर्थ आहे. वर्तमानपत्रात ती बातमी आतल्या पानावर होती.

त्याच सुमारास आजोबांच्या मालमत्तेचे इन्व्हेंटारियो, म्हणजे वारसांची वाटणी, आमच्याकडे आली होती. अशा कामात घरातील प्रत्येक जन्ममृत्यूचा दाखला लागतो, म्हणून आम्ही नोंदणी कचेरीत जुनी पुस्तके काढविली. पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यानंतर नागरी नोंदणी गोव्यात सर्वांस लागू झाली होती. तेव्हा १९३९ चे पुस्तक होते आणि त्यात आमच्या घराची ती नोंद होती. मुलगा. वय आठ दिवस. आईबापांची नावे, गाव, वाडा. नावाच्या जागी एक आडवी रेघ. बारसे व्हावयाचे होते. वारसाहक्काच्या दृष्टीने त्या नोंदीस काही किंमत नव्हती, कारण आजोबांच्या आधी निवर्तलेल्या निःसंतान अर्भकाचा वाटा निघत नाही.

आम्ही नक्कल घेऊन घरी आलो आणि आत्यास दाखविली. लहानपणी ती पोर्तुगीज शाळेत शिकली होती. चष्मा लावून तिने कागद सावकाश वाचला, मग पुन्हा वाचला. तिच्या जन्माआधी दोन वर्षांचा तो तिचा थोरला भाऊ.

"हांगां दिव्याविशीं कांय बरयलां?" तिने विचारले.

आम्ही सांगितले, दिव्याविषयी काही लिहिलेले नाही.

तिने कागदाची घडी घातली आणि आजीच्या कुंकवाच्या करंड्याखाली ठेवून दिली. फाइलीसाठी आम्ही दुसऱ्या दिवशी दुसरी नक्कल काढली.